यंदा कुठला बटाटा लावायचा?

ठोसरकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बटाट्याची भाजी ताटलीत पालथी घातली आणि खिशातून फूटपट्टी काढली.

आम्ही लंडनला नुकतेच राहायला आलो होतो. लंडन म्हणजे कॅनडातलं, ओंटॅरिओमधलं. हा खुलासा मी मिरजेच्या नातेवाइकांना अजूनही करते, आणि माझ्या सासूबाई तो शक्यतो कुणाला होऊ देत नाहीत. फेब्रुवारी महिना होता. दारात गुडघाभर बर्फ साचलं होतं. शेजारी मराठी बिऱ्हाड आलंय असं कळल्यावर हे गृहस्थ कानटोपी, मफलर आणि स्टीलचे तीन डबे अशा सरंजामानिशी हजर झाले. मला वाटलं, काय भला माणूस आहे, सामान लावायच्या गडबडीत आपल्याला जेवण घेऊन आला. मी ताटल्या काढल्या. काकांनी त्यातली एक घेतली, वर एक वाटी मागितली, वाटीत भाजी दाबून भरली, ताटलीत उपडी केली आणि वाटी अलगद वर उचलली. भाजीची मूद जरा खचली. ती किती खचली हे त्यांनी फूटपट्टीने मोजलं.

"स्लंप टेस्ट," ते म्हणाले. "काँक्रीट पातळ आहे की घट्ट, हे असंच बघतात. साचा भरायचा, उचलायचा, माल किती खाली बसतो ते मोजायचं. बटाट्याला वेगळा न्याय कशाला?"

माझा नवरा नितीन तोवर भुकेने कासावीस झाला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "हे खायला देणार आहेत, की ह्यावरून रस्ता नेणार आहेत?"

खायला दिलं. तिन्ही डब्यांत एकच भाजी होती, एकाच हाताने केलेली, फक्त बटाटे तीन जातींचे. आम्ही भराभर तिन्ही संपवले आणि मी सुगृहिणीसारखी म्हणाले, "छान आहेत हो तिन्ही." काकांचा चेहरा पडला.

"छान हे उत्तर नाही, मीनल," ते म्हणाले. "छान म्हणजे तुझं लक्ष नव्हतं."

त्यानंतर त्या घरची भाजी मी लक्ष देऊन खायला शिकले. न शिकून सांगते कुणाला? परीक्षा दर आठवड्याला होती.

काका साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आले. पुण्याहून सिव्हिल इंजिनीअर होऊन आलेले, आणि उभी हयात हायवेच्या खात्यात काँक्रीट तपासण्यात गेली. लोक प्रवासाला निघाले की डोंगर, तळी बघतात. काका पुलाखालून जाताना मान वाकडी करून पुलाचं पोट बघतात. "अंदाजाने पूल उभा राहत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते पुलाबद्दल म्हणतात तितक्याच गांभीर्याने फोडणीबद्दलही म्हणतात. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी कुणी गोल्फ धरलं, कुणी गीता धरली. काकांनी बटाटा धरला.

आमच्या घरांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, विजेच्या मोठ्या तारांखाली, शहराचं कम्युनिटी गार्डन आहे. तिथे जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात. गोरी मंडळी टोमॅटो आणि झुकिनी लावतात, आपली मंडळी मेथी आणि कोथिंबीर. काका फक्त बटाटा लावायचे. मी एकदा विचारलं, "काका, बटाटा ग्रोसरीत कितीतरी स्वस्त मिळतो की." ते म्हणाले, "त्या पिशवीवर काय लिहिलेलं असतं? टेबल पोटॅटोज. नाव नाही, गाव नाही. ज्याचं नाव माहीत नाही असा माणूस तू घरात घेशील?"

त्यांचा सिद्धांत असा की मराठी माणसाचं आयुष्य बटाट्यावर उभं आहे आणि कामं सगळी वेगवेगळी आहेत. वड्याच्या सारणाला भुसभुशीत बटाटा हवा, म्हणजे जाड, खरखरीत सालीचा रसेट. पूजेच्या पिवळ्या भाजीला युकॉन गोल्ड, कारण तो मुळातच पिवळा. काचऱ्यांना केनेबेक. आणि उपासाच्या किसाला लाल सालीचा नॉरलँड, कारण किसाचा गोळा होता कामा नये, तो मोकळा झाला पाहिजे. बागेतला शेजारी स्टॅन नावाचा पोलिश म्हातारा होता. तो एकदा सहज म्हणून गेला, "पोटॅटो इज पोटॅटो." काका दोन आठवडे त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत होते.

दर फेब्रुवारीत ठोसरांच्या घरी पुढच्या हंगामाच्या जाती ठरायच्या. बियाण्याचे बटाटे मार्चच्या आत सांगून ठेवावे लागतात. त्या महिन्यात घरातलं वातावरण मुलीला स्थळं बघत असल्यासारखं असे. हा दिसायला बरा आहे पण लवकर कुजतो. हा टिकतो पण चवीला काही नाही. काका मोजमाप घेत, टिपणं काढत, शेजाऱ्यांची मतं गोळा करत. निर्णय मात्र काकूंचा.

कारण काकांना चवीतलं ओ की ठो कळत नसे. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. "माझी जीभ सरकारी आहे. समोर येईल त्याला पास करते. आमच्या हिची जीभ म्हणजे खरी लॅब."

काकू अंगाने लहानखुऱ्या, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. वाकून जे ऐकू येई ते असं असे: "हा बटाटा नाही, अंग धुवायचा साबण आहे." किंवा, "हा शिजत नाही. नुसता रुसून बसतो." एकदा मी मोठ्या हौसेने केलेली रस्साभाजी त्यांच्याकडे नेली. त्यांनी एक घास घेतला आणि प्रेमाने माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू ऑफिसात फार दमतेस ना गं?" लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं काका ही नावं ठेवणं ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचा सत्कार चाललाय.

काकूंचं न ऐकण्याची चूक काकांनी माझ्या देखत एकदाच केली. कॅटलॉगमध्ये त्यांनी आतून निळा असलेला बटाटा बघितला आणि हरखून गेले. काकू म्हणाल्या, "बघायला ठीक आहे, खायला नको." काकांनी तरी लावला, आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला त्याचेच वडे करायचा हट्ट धरला. निळ्या बटाट्यात हळद पडली की काय रंग होतो हे कुणीच तपासलं नव्हतं. वड्याचा पहिला घास घेऊन लोक आत बघत आणि थांबत. शेवाळं धरलेल्या टाकीसारखा रंग होता. शेवटी कुणाची तरी मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "मॉम, इज धिस एक्स्पायर्ड?" तो उत्सव आम्ही साखरभातावर निभावून नेला. घरी गाडीतून उतरताना काकू म्हणाल्या, "गणपतीने मात्र सगळं गोड मानून घेतलं हो."

त्याच थंडीत काकूंच्या घशात गाठ निघाली.

गाठ वाईट निघाली, पण लवकर सापडली होती. रेडिएशन झालं. त्यांचा मुलगा कॅल्गरीहून येऊन राहून गेला. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या उपचारात काकूंच्या तोंडाची चव गेली, पार गेली. सूप, पेज, वरण, सगळं त्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखं लागे. चव नाही म्हणून जेवण जाईना, जेवण नाही म्हणून वजन उतरत चाललं. चव परत येईल, असं डॉक्टर म्हणत. कधी, ते सांगत नव्हते. आणि येईलच, असंही छातीठोकपणे सांगत नव्हते.

फेब्रुवारी आला. काकांनी नेमाप्रमाणे डबे मांडले. भाज्या अगदी मऊ, घोटून केल्या होत्या. मीही होते, एव्हाना मला दुय्यम परीक्षकाचा दर्जा मिळाला होता. काकूंनी पहिल्या डब्यातला अर्धा चमचा घेतला. "छान आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्यातला घेतला. "हाही छान आहे."

काकांनी फूटपट्टी खाली ठेवली. "मग यंदा कुठला लावायचा?"

"तुम्हाला हवा तो लावा," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी आपापल्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होतो. काका मध्येच थांबले. फावड्यावर हात ठेवून म्हणाले, "ती छान म्हणाली, मीनल. दोन्हींना." त्यांच्या तोंडून वाफ निघत होती. "एवढ्या वर्षांत ती मला कधी छान म्हणाली नव्हती." मी त्यांच्या बाजूचं थोडं बर्फ उपसलं आणि आत आले.

त्या वर्षी काकांनी निवडच केली नाही. कॅटलॉगात होत्या तितक्या जाती मागवल्या, पूर्वी काकूंनी नापास केलेल्यासुद्धा. "तिच्या जिभेला काय लागेल, काय सांगावं?" ते म्हणाले. "एखादा तरी लागेल." अंदाजावर त्यांनी केलेलं हे मी पाहिलेलं पहिलं काम. त्यांचा तुकडा पुरला नाही, तेव्हा त्याच बागेतला माझा घेतला. माझ्या मेथीला कडेला एक वीत जागा मिळाली. काकूंना दवाखान्यात न्यायचं असे त्या दिवशी काकांना खणायला जमत नसे, तर स्टॅन गुपचूप त्यांचे चर खणून ठेवायचा. काका त्याला एकदा म्हणाले, "स्टॅन, आय हॅव मेनी व्हरायटीज. टेक सम." तो म्हणाला, "नो, नो. पोटॅटो इज पोटॅटो." ह्या खेपेला काका हसले.

जूनमध्ये काकूंनी जाहीर केलं की त्या पुन्हा संकष्टी धरणार. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हॉस्पिटलमधली आहारतज्ज्ञ बाई तरुण होती, कळकळीची होती. फास्टिंग हा शब्द ऐकताच ती खुर्चीतून उठलीच. नो, मिसेस ठोसर, अॅब्सोल्यूटली नॉट, तुमचं वजन बघा. मी त्या दिवशी गाडी चालवायला गेले होते. काकांनी तिला आपला उपास समजावून सांगितला. बटाटे, साबुदाणा, दाण्याचं कूट, साजूक तूप, वर दही, मग खजूर, मग केळं, आणि रात्री चंद्र उगवला की पुन्हा साग्रसंगीत जेवण. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे त्यांनी इंग्रजीत कसं सांगितलं ते मला नीटसं आठवत नाही, पण ती बाई बोटांवर हिशेब करत गेली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शेवटी ती म्हणाली, "कॅन शी फास्ट मोअर ऑफन?"

अशी दर महिन्याची संकष्टी सुरू झाली. काकांनी कीस स्वतः करायला घेतला. दर खेपेला वेगळा बटाटा. पहिल्या किसाचा लगदा झाला, दुसरा खाली लागला, पण माणूस हट्टी होता. आणि दर खेपेला काकू चार घास कष्टाने गिळून म्हणत, "छान झालाय." माझ्याकडे बघून हसत. काका उलथणं धुवायला वळत. ते उलथणं बराच वेळ धुतलं जाई. मला त्या घरात जाणं नकोसं होऊ लागलं होतं, आणि न जाणं त्याहून जड जात होतं.

सप्टेंबरात बटाटे खणले. एरवी काका त्यांना काय जपत! बेसमेंटच्या एका कोपऱ्यात जाती लावून ठेवत, वर पोतं टाकत, शेजारी थर्मामीटर टांगत. त्या वर्षी पोती गॅरेजमध्ये आणून टेकवली ती तिथेच राहिली. मी आठवण केली, तर म्हणाले, "बघू." ठोसरकाका आणि 'बघू'! मला त्या शब्दाची भीतीच वाटली.

डिसेंबरातली संकष्टी शनिवारी आली. दुपारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. नितीन बूट काढून येईपर्यंत काकांनी कीस वाढलासुद्धा. नॉरलँडचा होता, काकूंच्या आवडीचा, आणि एव्हाना काकांचा हातही बसला होता. मी खाऊन बघितला आणि शिकवल्याप्रमाणे सविस्तर अहवाल दिला: मोकळा झालाय, मीठ बरोबर आहे, मिरची बेताची. नितीनने अहवालाऐवजी ताटली पुढे केली.

काकूंनी चमचाभर घेतला. चावला. थांबल्या. आणखी थोडा घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे बटाटे कुठे ठेवले होतेत?"

"गॅरेजमध्ये," काका म्हणाले.

"तरीच. गोड झालेत. गारठा बसला की बटाटा गोड होतो, हे तुम्हाला मी सांगायचं? का साखर जास्त घातलीत?"

"नाही. साखर घातलीच नाही."

"मग गारठाच." त्यांनी पुन्हा एक घास घेतला. "आणि कूट जुनं आहे, खवट लागतंय. जिरं जळलंय."

मी परत एक घास घेतला. खरंच, गोडसर होता. मला मघाशी कळलंच नव्हतं. नितीनला तर अजूनही कळलेलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते हातात उलथणं धरून उभे होते. माझा जीव भांड्यात पडला होता, पण त्यांचा अजून धीर होत नव्हता.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी काय? तूप हात आखडून घातलंत."

"आणखी?"

काकू चमच्याने कीस इकडेतिकडे सारत विचार करत होत्या. "हे रसेट एवढे कशाला लावून ठेवलेत? कोण खाणार? पुढच्या वर्षी एक ओळ पुरे. नॉरलँड दोन ओळी वाढवा. आणि मीनलला तिची जागा परत द्या, बिचारीला मेथी लावू दे."

गेल्या थंडीपासून त्या घरात कुणी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नव्हतं. मुलगा फोनवर उन्हाळ्यात येतो म्हणायचा तेव्हाही काकू "बघू या" म्हणून विषय बदलत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उलथण्यासकट दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागले. आवाज न करता, पण खांदे हलवून, लहान मूल रडतं तसं. नितीन छताकडे बघत राहिला. मीही रडत होते, ते मला नंतर कळलं.

काकूंनी पुढे वाकून काकांच्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "तोंड तुपकट होतंय तुमचं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी उठा. ते बटाटे आत आणा. उबेत ठेवले तर थोडेफार सुधारतील."

आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. सगळ्यात मोठं पोतं काकांनी स्वतः उचललं. नितीन मदतीला गेला, तर त्याला कोपराने बाजूला सारलं. त्या वयाला ते ओझं उचलायला नको होतं, पण त्या दिवशी त्यांना अडवणं कुणाला शक्य नव्हतं. बेसमेंटच्या कोपऱ्यात त्यांनी पोती ओळीने लावली, एकदा लावून पुन्हा सरळ केली, थर्मामीटर खिळ्याला टांगला आणि हात झटकत उगीचच म्हणाले, "गोड झालाय. मला कळलंच नाही बघ. गोड झालाय."

वर आलो, तर काकू कढईतला उरलेला कीस खरवडून आपल्या ताटलीत वाढून घेत होत्या. आम्हाला बघून जराशा ओशाळल्या.

"टाकायचा कशाला?" त्या म्हणाल्या, आणि खायला बसल्या.